शेजारच्या भाड्याच्या घराचा मालक कसा शोधावा: महाराष्ट्रातील नोंदी, कार्यालये आणि पत्रव्यवहार

शेजारच्या घरातील भाडेकरूंचा त्रास होऊ लागला की सुरुवातीचे काही आठवडे तोंडी सांगण्यात जातात, त्यानंतर जिन्यात वादावादी होते, आणि एवढे होऊनही घराच्या मालकाला बहुतेक वेळा यातले काहीच ठाऊक नसते; कारण तो दुसऱ्या शहरात किंवा परदेशात राहत असतो आणि दरमहा भाडे खात्यात जमा झाले की त्याच्या लेखी सर्व काही सुरळीत चाललेले असते. भाडेकरूला विचारले तर तो मालकाचा क्रमांक देत नाही, ज्या दलालाने घर दिले तो हात वर करतो, आणि नामफलकावर जे नाव आहे ते भलत्याचेच निघते. अशा वेळी मालकाचे नाव व पत्ता रीतसर मार्गाने कसा मिळवावा आणि तो मिळाल्यावर पुढे काय करावे, याची माहिती येथे दिली आहे. नियम व कार्यालये महाराष्ट्रातील आहेत.

मालकाला गाठण्याचा आग्रह का धरायचा, हे आधी समजून घेतले पाहिजे. सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी सभासदाला बांधील करतात आणि भाडेकरू हा त्या अर्थाने संस्थेचा सभासद नसतो. त्यामुळे संस्थेने भाडेकरूच्या दाराला चिकटवलेली सूचना तो फाडून टाकू शकतो, पण तीच नोटीस सभासदाच्या नावे गेली की तिला उत्तर द्यावे लागते. दुसरे असे की, भाडेकरूला घरात राहू देणारा करार मालकाने केलेला असतो आणि तो संपवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार, भाडेकरूचे किंवा त्याच्याबरोबर राहणाऱ्यांचे वर्तन लगतच्या रहिवाशांना उपद्रवकारक ठरत असेल तर तेवढ्या कारणावरून मालक न्यायालयात ताबा मागू शकतो. आजकालची बहुतेक घरे लिव्ह ॲण्ड लायसन्स कराराने, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराचा परवाना देणाऱ्या कराराने दिली जातात आणि त्या करारांत शेजाऱ्यांना त्रास न देण्याचे व तसे घडल्यास करार मुदतीपूर्वी रद्द करण्याचे कलम सहसा असतेच. शेजारी या नात्याने आपल्याकडे यांपैकी एकही हत्यार नसते.

तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे

मालकाचा शोध सुरू करण्यापूर्वी त्रासाचे स्वरूप ठरवून घ्यावे, कारण त्यावर पत्राचा सूर आणि मागणी दोन्ही अवलंबून असतात. रात्री मोठ्याने संगीत लावणे, जिन्यात कचरा टाकणे, दुसऱ्याच्या जागेत वाहन उभे करणे ही भाडेकरूच्या वर्तनाची बाब असून मालकाने त्याला समज द्यावी एवढीच आपली अपेक्षा असते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून आपल्या छताला ओल येत असेल, तर मात्र भाडेकरू त्यात निमित्तमात्र असतो. नळजोडणी किंवा जलरोधक थर दुरुस्त करून घेणे हे मालकाचे काम आहे आणि भाडेकरूशी भांडून ते कधीही होत नाही. तिसरा प्रकार म्हणजे निवासी सदनिकेत गोदाम, खानावळ किंवा पेइंग गेस्ट चालवणे. हे अनेकदा मालकाच्या संमतीनेच चाललेले असते, त्यामुळे तेथे मालक हा मदत करणारा नसून प्रतिपक्ष असू शकतो, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. भाडेकरू अविवाहित आहेत, त्यांच्या स्वयंपाकाचा वास आवडत नाही, ते वेगळ्या धर्माचे वा भाषेचे आहेत किंवा त्यांच्याकडे पाहुणे येतात, हा उपद्रव नव्हे. अशा कारणासाठी मालकाकडे तक्रार करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय पुढे खरोखरचा त्रास झाला तर आपल्या शब्दाला किंमत उरत नाही. याउलट मारहाण, धमकी, छेडछाड किंवा घरात हिंसा होत असल्याची शंका असेल, तर मालकाचा पत्ता शोधत बसू नये. ११२ क्रमांकावर तत्काळ पोलिसांना कळवावे आणि मालकाला नंतर माहिती द्यावी.

संस्थेच्या दप्तरातून सुरुवात

इमारतीची नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था असेल तर शोध बहुधा तिच्या कार्यालयातच संपतो. प्रत्येक संस्थेला सभासद नोंदवही ठेवावी लागते, जिला सर्वजण आय नमुना म्हणतात, आणि तिच्यासोबत जे नमुन्यातील सभासदांची यादी असते. आय नमुन्यात सभासदाचे नाव, पत्ता, सभासदत्व मिळाल्याचा दिनांक आणि भागांचा तपशील असतो. आपण स्वतः सभासद असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार ही नोंदवही कार्यालयीन वेळेत पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, म्हणून सचिवांकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. आपणही भाडेकरू असाल तर हा हक्क आपल्याला थेट मिळत नाही. अशा वेळी आपल्या घरमालकाला अर्ज करायला सांगावे, तो सभासद असल्याने त्याला नकार देता येत नाही.

नोंदवहीतील पत्ता पुष्कळदा त्याच सदनिकेचा असतो, कारण सभासदत्व घेताना मालक तेथेच राहत असतो. म्हणून आणखी तीन कागद पाहण्यासारखे असतात. पहिला म्हणजे बिनभोगवटा शुल्काची नोंद. सदनिका भाड्याने दिली असेल तर संस्था सेवाशुल्काच्या कमाल १० टक्क्यांपर्यंत हे शुल्क आकारू शकते, त्यामुळे कोणती घरे भाड्याने आहेत आणि त्यांची देखभालीची बिले कोणत्या ई-मेलवर जातात हे खजिनदाराला अचूक ठाऊक असते. दुसरा म्हणजे भाड्याने देताना मालकाने संस्थेकडे जमा केलेली कराराची प्रत व पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत. तिसरा कागद तसा क्षुल्लक, पण उपयोगी: सर्वसाधारण सभेची सूचना बाहेर राहणाऱ्या सभासदांना ज्या पत्त्यावर पाठवली जाते त्या पत्त्यांची यादी.

समितीचे पदाधिकारी काही वेळा मालकाचा दूरध्वनी क्रमांक देण्यास तयार नसतात आणि त्यात काही चुकीचे नाही. परवानगीशिवाय एखाद्याचा क्रमांक वाटत सुटणे योग्यही नव्हे. त्यावर हटून बसण्यापेक्षा, “माझे पत्र आपण मालकांकडे पोहोचवावे आणि पोहोचवल्याचे मला लेखी कळवावे,” अशी विनंती करावी. समितीला ते सोयीचे पडते आणि आपलेही काम होते. माझ्या मते शक्य असेल तेथे पहिले पत्र संस्थेमार्फतच जावे, कारण त्यामुळे तक्रार दोन शेजाऱ्यांमधील कुरबुर न राहता इमारतीच्या दप्तरात नोंदली जाते.

संस्था नसेल तेव्हा

नव्या इमारतीत संस्था स्थापन व्हायची असेल तर विकासकाच्या कार्यालयात सदनिकाधारकांची यादी असते आणि देखभालीचा खर्च तेच गोळा करत असल्याने त्यांच्याकडे चालू क्रमांकही असतात. इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली येत असेल तर संस्थेऐवजी अपार्टमेंटधारकांचा संघ असतो आणि प्रत्येक सदनिकेचे स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे मालकीचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी अधिकाऱ्याकडे) नोंदवलेले असते. जुन्या पागडीच्या इमारतीत तर शोधण्याचे कारणच पडत नाही, कारण सगळ्या खोल्यांचा मालक एकच असतो आणि त्याचे नाव आपल्या स्वतःच्या भाडेपावतीवर छापलेले असते. प्रश्न एवढाच असतो की शेजारची खोली मूळ भाडेकरूने परस्पर तिसऱ्यालाच दिली आहे काय, आणि तसे असेल तर मालकाला ही बातमी आपल्यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत किंवा लिफ्टजवळच्या फलकावर सदनिकाधारकांची नावे लिहिलेली असतात तीही पाहावीत. पहारेकरी, इस्त्रीवाला, पूर्वीपासून घरकाम करणाऱ्या बाई यांना मूळ कुटुंबाची माहिती असते आणि सरळपणे विचारले तर ते सांगतात. मात्र दुसऱ्याच्या पत्रपेटीतील पाकिटे काढून पाहणे किंवा उघडणे हा शोधाचा मार्ग नव्हे. तसे केल्यास तक्रारदार आपण न राहता ते होतात.

सूची क्रमांक दोन: सर्वांत भरवशाची नोंद

संस्थेकडून काही हाती लागले नाही तर नोंदणी व मुद्रांक विभागाकडे वळावे. स्थावर मालमत्तेचा दस्त नोंदवला की त्याचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘इंडेक्स टू’मध्ये येतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार ही सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते, त्यासाठी आपण त्या मालमत्तेत हितसंबंधी असल्याचे दाखवावे लागत नाही. त्यामुळे एखाद्या सदनिकेचा मालक कोण हे पाहणे म्हणजे चोरून माहिती काढणे आहे, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. ही नोंद मुळातच सार्वजनिक ठेवलेली आहे.

विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची सुविधा असून तिचा एक भाग विनाशुल्क आहे. मुंबईसाठी १९८५ पासूनच्या आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी २००२ पासूनच्या नोंदी तेथे शोधता येतात. शोधताना वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरावा लागतो. यातील ‘गाव’ म्हणजे महसुली गाव होय; शहरातील वसाहतीचे प्रचलित नाव तेथे चालत नाही. मिळकत क्रमांक म्हणजे सदनिकेचा क्रमांकही नव्हे. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा सर्व्हे क्रमांक, गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक तेथे अपेक्षित असतो, आणि तो शोधण्यासाठी कोठेही जावे लागत नाही: आपली सदनिका त्याच इमारतीत असेल तर आपल्या स्वतःच्या खरेदी करारात किंवा भाडेकरारात मालमत्तेच्या वर्णनात तो लिहिलेला असतो.

शोध एका वेळी एकाच वर्षाचा होतो. म्हणून चालू वर्षापासून सुरू करून एकेक वर्ष मागे जात राहावे. एकाच जमिनीवर चार-पाच इमारती असतील तर एका वर्षात शेकड्यांनी नोंदी येतात आणि त्यांतून आपल्याला हवी ती सदनिका डोळ्यांनी निवडावी लागते. मालमत्तेच्या वर्णनाच्या रकान्यात ‘सदनिका नं’, ‘माळा नं’, ‘इमारतीचे नाव’ असे क्रमाने लिहिलेले असते, परंतु लिहिणाऱ्यानुसार त्यात फरक पडतो: कोठे ‘फ्लॅट’ असते, कोठे ‘युनिट’, कोठे विंगचे अक्षर सदनिकेच्या क्रमांकाला जोडलेले असते, तर कोठे इमारतीच्या नावाचे शुद्धलेखन ओळखू येणार नाही इतके बदललेले असते. काम कंटाळवाणे आहे खरे, पण एका बैठकीत होण्यासारखे आहे.

नोंद सापडली की सूची क्रमांक दोन उघडून पहिला, सातवा आणि आठवा रकाना वाचावा. पहिल्या रकान्यात विलेखाचा, म्हणजे दस्ताचा, प्रकार असतो. सातव्या रकान्यात दस्तऐवज करून देणाऱ्या पक्षकाराचे आणि आठव्यात करून घेणाऱ्या पक्षकाराचे नाव व पत्ता असतो. सदनिका विकली गेली असेल तर करून घेणारा हा नवा मालक होय. येथे अनेकजण ‘खरेदीखत’ हाच शब्द शोधत राहतात आणि नोंद नजरेतून निसटते. विकासकाकडून घेतलेल्या सदनिकेचा दस्त बहुतेक वेळा ‘करारनामा’ म्हणून नोंदवलेला असतो. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र यांनीही मालकी बदलते, तेव्हा तेही सोडू नयेत.

आपल्या कामासाठी मात्र यापेक्षा सोपा रस्ता असू शकतो. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह ॲण्ड लायसन्सचा करार लेखी असणे व नोंदवणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याचा अर्थ असा की शेजारचे घर रीतसर भाड्याने दिले असेल तर त्या कराराचीही सूची क्रमांक दोन असते आणि तिच्यात विलेखाचा प्रकार ‘लिव्ह ॲण्ड लायसन्सेस’ असा दिसतो. यात करून देणारा मालक असतो आणि करून घेणारा भाडेकरू. खरेदीचा दस्त पंधरा वर्षांपूर्वीचा असला तरी हा करार गेल्या वर्ष-दोन वर्षांतला असल्यामुळे त्यातील मालकाचा पत्ताही ताजा असतो. म्हणून आधी भाड्याचा करार शोधावा आणि तो न सापडल्यासच खरेदीच्या दस्ताकडे जावे. नोंदणी झालेलीच नसेल, तर तीही एक माहितीच आहे: पुढे मालक उडवाउडवीची उत्तरे देऊ लागला की कलम ५५ चा नुसता उल्लेख पुरतो.

संगणकावर शोधणे जमत नसेल किंवा दस्त २००२ पूर्वीचा (मुंबईत १९८५ पूर्वीचा) असेल तर संबंधित दुय्यम निबंधक कार्यालयात शोधासाठी अर्ज करता येतो. मालमत्तेचे काम करणारे वकील शोध अहवाल देतात, त्यांच्यासाठी हे रोजचेच काम आहे. नोंदींचा एक दोष मात्र लक्षात असू द्यावा. मालक वारला आणि वारसांनी कोणताही दस्त केला नाही, तर सूचीत मृताचेच नाव राहते. अशा वेळी संस्थेतील नामनिर्देशनाची नोंद किंवा देखभालीची बिले कोण भरते हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

सात-बारा, मिळकत पत्रिका आणि घरपट्टी

मालक शोधायचा म्हटले की पुष्कळांना प्रथम सात-बारा आठवतो, आणि महाभूलेख संकेतस्थळावर तो सहज दिसतोही. परंतु सात-बारा आणि शहरातील मिळकत पत्रिका या जमिनीच्या नोंदी आहेत. बहुमजली इमारतीच्या बाबतीत त्यांवर मूळ जमीनमालकाचे, विकासकाचे किंवा अभिहस्तांतरण (जमीन संस्थेच्या नावे करणे) झाले असेल तर संस्थेचे नाव असते. तिसऱ्या मजल्यावरील सदनिका कोणाची हे त्यांवरून कळत नाही. स्वतंत्र बंगला किंवा भूखंडावरील घर असेल तेव्हाच हे उतारे खऱ्या अर्थाने कामाला येतात.

गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा. कर आकारणीच्या या नोंदवहीत मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव असे दोन वेगळे रकाने असतात, आणि आपल्याला नेमका तोच फरक हवा असतो. गावठाणातील ज्या घरांची स्वामित्व योजनेखाली मोजणी झाली आहे त्यांची मिळकत पत्रिकाही तयार झालेली असते. महापालिका किंवा नगरपालिका क्षेत्रात घरपट्टीच्या बिलावर करदात्याचे नाव असते. कराची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे आणि विक्रीनंतर नाव बदलून घ्यायला लोक वर्षानुवर्षे विसरतात, तरीही पत्र कोणाला लिहावे याचा धागा तीतून मिळतो.

पोलीस ठाणे आणि माहितीचा अधिकार

अनेक ठिकाणी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मालकांना भाडेकरूंची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करणारे आदेश काढतात. त्यामुळे स्थानिक पोलीस ठाण्यात मालकाचा क्रमांक असण्याची शक्यता मोठी असते. तो ते आपल्याला देणार नाहीत. पण लेखी तक्रार दिली तर ते स्वतः मालकाला फोन करू शकतात, आणि पोलीस ठाण्यातून गेलेला फोन मालक सहसा टाळत नाही.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा असा सल्ला सर्रास दिला जातो. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते हे खरे, परंतु त्रयस्थ व्यक्तीचा पत्ता व दूरध्वनी ही वैयक्तिक माहिती असल्याचे सांगून तो बहुधा नाकारला जातो. सहकारी संस्था तर सरसकट सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे हा कायदा ज्यांना लागू होतो अशा संस्था, ठरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सर्व्हिस सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. या मार्गात वेळ घालवण्यापेक्षा सूची क्रमांक दोनवर एक दुपार खर्च करणे बरे.

नाव हाती आल्यावर

मालकाला पहिला फोन रागाच्या भरात करू नये. त्याला आपण अनोळखी असतो, भाडेकरू मात्र दरमहा पैसे देणारा असतो. साहजिकच पहिल्या क्षणी तो भाडेकरूचीच बाजू घेतो. म्हणून फोन करण्यापूर्वी निदान दोन आठवड्यांची नोंद तयार असावी. वहीत तारीख, वेळ, काय घडले, किती वेळ चालले आणि आणखी कोणी ऐकले वा पाहिले, एवढे लिहावे. “नेहमीच गोंगाट असतो” या वाक्याचा मालकावर परिणाम होत नाही, “शनिवारी रात्री ११.४० पासून १.३० पर्यंत ध्वनिक्षेपक सुरू होता आणि पहारेकऱ्याने दोनदा दार वाजवले” या वाक्याचा होतो. आवाजाचे ध्वनिमुद्रण आपल्या घरात बसून करावे. दुसऱ्याच्या खिडकीतून आत चित्रीकरण करू नये.

फोनवर मालकाला भाडेकरू काढून टाकण्याची मागणी करण्याऐवजी त्याने भाडेकरूशी बोलावे आणि काय ठरले ते कळवावे, असे सांगावे. बोलण्याने प्रश्न सुटला नाही तर पत्र लिहावे. ते पुढीलप्रमाणे असू शकते:

“महोदय / महोदया, आपल्या मालकीच्या सदनिका क्रमांक ३०४ मध्ये सध्या राहत असलेल्या व्यक्तींकडून रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात संगीत वाजवले जात असल्याने आमच्या कुटुंबाला त्रास होत आहे. घटनांचा दिनांक व वेळेसह तपशील सोबत जोडला आहे. संबंधितांशी आम्ही दोन वेळा समक्ष बोललो असून त्याचा उपयोग झालेला नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ असून निवासी क्षेत्रात त्या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आपण कृपया आपल्या परवानाधारकांना लेखी समज द्यावी आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती पंधरा दिवसांत आम्हांला द्यावी. या पत्राची प्रत संस्थेच्या सचिवांना देत आहोत.”

पत्रात भाडेकरूंच्या चारित्र्याबद्दल एकही शब्द नको. ओल किंवा गळतीची तक्रार असेल तर छायाचित्रे जोडावीत, प्लंबर किंवा स्थापत्य अभियंत्याने लिहून दिलेले कारण जोडावे आणि दुरुस्तीसाठी आपले घर कोणत्या दिवशी उघडे ठेवता येईल तेही लिहावे, कारण अशी कामे मालकाच्या अनिच्छेइतकीच वेळ न जुळल्यामुळे रखडतात. टपाल खात्याची नोंदणीकृत सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली असल्याने पत्र स्पीड पोस्टाने, पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने पाठवावे. मालकाचा पत्ता फक्त बंद सदनिकेचाच मिळत असेल तर एक प्रत तेथे, एक संस्थेमार्फत आणि उपलब्ध असल्यास एक ई-मेलने पाठवावी. उत्तर मालकाऐवजी त्याच्या कुलमुखत्याराकडून किंवा नातेवाइकाकडून आले तर पुढील पत्रव्यवहार त्यांच्याशी करावा, पण प्रत्येक पत्र मालकाच्याच नावे काढावे.

मिळालेले नाव, पत्ता किंवा सूचीची प्रत इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. चार जणांनी एकाच दिवशी मालकाला फोन केले की तो सर्वांचेच क्रमांक रोखतो, हा भाग वेगळाच.

मालक दाद देत नसेल तर

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आले नाही तर व्यवस्थापक समितीकडे लेखी तक्रार करून उपविधींनुसार सभासदाला नोटीस काढण्याची मागणी करावी. समिती हालचाल करत नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते; मात्र दोन सदनिकाधारकांमधील खासगी वादात उपनिबंधक लक्ष घालत नाहीत, म्हणून तेथील अर्ज समितीने कर्तव्य न बजावल्याबद्दल असावा, भाडेकरूच्या गोंगाटाबद्दल नव्हे.

रात्रीच्या ध्वनिक्षेपकाबद्दल घटना घडत असतानाच ११२ वर कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. दुसऱ्या दिवशी केलेल्या तोंडी तक्रारीला तितका अर्थ राहत नाही. त्रास अनेक कुटुंबांना होत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव ठरतो आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे तो दूर करण्याच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज एकट्याने करण्याऐवजी सर्व बाधित कुटुंबांनी सह्या करून करावा. निवासी सदनिकेचा व्यापारी वापर होत असेल तर महापालिकेच्या इमारत परवानगी विभागाकडे स्वतंत्र तक्रार द्यावी.

त्रास फक्त आपल्याच घराला होत असेल तर अखेरचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा, म्हणजे मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईच्या दाव्याचा. या दाव्यात भाडेकरूबरोबर मालकालाही प्रतिवादी करावे लागते. वकील पहिल्याच भेटीत मालकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि सदनिकेचे नोंदीप्रमाणे वर्णन विचारतात. तेव्हा सूची क्रमांक दोनची प्रत, पाठवलेली पत्रे, स्पीड पोस्टाच्या पावत्या आणि घटनांची वही एकाच फाइलमध्ये लावून न्यावी.